सासूबाई हवेत असताना

बगळा आमच्या घरी आला तेव्हा सगळ्यात जास्त फायदा माझ्या मेहुण्याचा होणार, हे मी पहिल्याच दिवशी मनात मांडून ठेवलं होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायला दर रविवारी त्याने यायचं असं ठरलं होतं. सोमवार ते शनिवार ते काम माझं. यंत्र आलं की त्याचा रविवार सुटणार. शिवाय ‘आईसाठी मुलाने यंत्र आणलं’ हे वाक्य नातेवाइकांत वर्षभर फिरत राहणार. माझा फायदा म्हणजे कंबर. बायकोचा फायदा म्हणजे आई घरात आणि नवरा ताठ. सासूबाईंचा फायदा असा की दिवसातून चार वेळा जावयाच्या गळ्यात हात टाकावे लागणार नाहीत. हे गळ्यात हात टाकणं त्यांना मोडलेल्या हाडापेक्षा जास्त दुखत होतं. थोडक्यात, चौघांच्याही नावापुढे जमाच जमा. मी पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या नोंदवह्या तपासतो. जिथे सगळंच जमेत दिसतं तिथे पाइप कुठेतरी फुटलेला असतो, हे आमच्याकडे काल लागलेला माणूसही सांगेल. मी वीस वर्षं जुना आहे, म्हणूनच बहुधा माझ्या लक्षात आलं नाही.

सासूबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, त्यातली शेवटची बारा वर्षं पर्यवेक्षक म्हणून. त्यांच्या आवाजाने अजूनही माणूस आपोआप लाइनवर थांबतो. वजन चौऱ्याण्णव किलो. "ते रुग्णालयाच्या काट्याचं मत आहे," असं त्या म्हणतात. आमच्या घरी येणाऱ्या सिस्टरने, म्हणजे घरोघरी फिरून रुग्ण तपासणाऱ्या परिचारिकेने, सुरुवातीलाच बजावलं होतं की घरात सुरक्षितपणे उचलता येत असेल तर घर, नाहीतर शुश्रूषागृह. तिथे एक खाट त्यांच्या नावाने अडवून ठेवली होती.

"मी त्या खाटेला ओळखत नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि ओळख करून घ्यायची इच्छा नाही."

ज्या दवाखान्याने गाशा गुंडाळला तिथून मेहुण्याने यंत्र मिळवलं होतं. चार चाकं, त्यावर उंच खांब, खांबाला पुढे वाकलेली लांब मान आणि मानेच्या टोकाला कापडी झोळी. झोळीत माणूस बसवायचा, बटण दाबायचं, मोटर घरघरते आणि मान वर जाते. बायकोने बघताक्षणी त्याला बगळा म्हटलं आणि तेच नाव पडलं. बटणांचा डबा एका लांबलचक तारेला होता. मेहुण्याने खोलीच्या दारात उभं राहून, भिंतीला टेकून, बगळा वरखाली करून दाखवला. "जवळ जायचीसुद्धा गरज नाही, भाऊजी," तो म्हणाला. माणूस आईवर किती प्रेम करतो हे तो किती लांबून बटण दाबतो यावर मोजत नाहीत, म्हणून मी गप्प बसलो.

बगळ्याबरोबर एक माहितीपुस्तिका होती. चौसष्ट पानांची. लोक अशा पुस्तिकेतली पहिली दोन पानं वाचतात. माझा पगार शेवटची पानं वाचण्याचा आहे, त्यामुळे मी तिथूनच सुरुवात केली. शेवटची नऊ पानं नुसत्या तक्त्यांची होती आणि वर मथळा होता ‘विद्युतचुंबकीय सुसंगती’.

"म्हणजे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे या यंत्राने आजूबाजूच्या यंत्रांना त्रास द्यायचा नाही, आणि त्यांनी दिलेला त्रास निमूट सोसायचा. यंत्रांचं एकमेकांशी पटलं पाहिजे."

"आणि नाही पटलं तर?"

"तर अंतर ठेवायचं, असं लिहिलंय. किंवा तोंड दुसरीकडे फिरवायचं."

"सोपं आहे की. तुमच्याकडे आल्यापासून मी तेच करतेय."

पहिल्या दिवशी बगळा गुणी निघाला. सासूबाई अलगद वर गेल्या, हवेत थोड्या फिरल्या आणि गेल्या पाच आठवड्यांत प्रथमच खोली वरून बघायला मिळाल्यामुळे त्यांनी कपाटाच्या माथ्यावरची धूळ पाहिली. बायको अपमानित झाली. त्यामुळे समोरचं दार उघडल्याचा आवाज आम्ही मनावर घेतला नाही. समोरच्या वहिनींनी बाहेर डोकावून "कोण आहे?" विचारलं, जिन्यात कोणी नव्हतं, त्यांनी दार लावलं. दुपारी सासूबाईंना पुन्हा उचललं. वहिनी पुन्हा बाहेर. चार उचलींत चार वेळा त्यांची बेल वाजली. ती बिनतारी बेल होती, बटण दारावर आणि घंटा स्वयंपाकघरात, मध्ये हवा. त्या हवेत आता बगळा घुसला होता.

वहिनी रागावल्या नाहीत. उलट त्या सल्ला घेऊन आल्या, आणि त्या एकदा सल्ला घेऊन आल्या की तो ठेवूनच जातात.

"माझ्या मावसबहिणीकडे अगदी असंच व्हायचं. शेवटी त्यांनी फ्रिज विकला. थांबलं."

"त्यांचीही बेल वाजायची?"

"नाही, त्यांच्याकडे दार वाजायचं. पण फ्रिज गेला आणि थांबलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला सिस्टर पाहणीला आल्या. मी स्वच्छ शर्ट घातला होता. बायकोने कपाटाचा माथा पुसला होता. सासूबाई झोळीत बसल्या, मी बटण दाबलं, बगळा वर गेला आणि अर्ध्यात थांबला. मी पुन्हा दाबलं. वर नाही, खाली नाही. सासूबाई जमिनीपासून चार फुटांवर, पाय लोंबकळत, पण चेहरा एक्स्चेंजमधला.

"आणीबाणीची दांडी ओढा," सिस्टर म्हणाल्या.

प्रत्येक बगळ्याला वीज किंवा अक्कल गेल्यास खाली उतरवणारी एक लाल दांडी असते. ती कशी ओढायची हे पान एक्केचाळीसवर होतं. पुस्तिका झोळीच्या कप्प्यात होती. कप्प्यावर चौऱ्याण्णव किलो होते. मी दांडी अंदाजाने ओढली, ती ढकलायची होती. वहिनी आल्या, त्यांच्या मागून पहिल्या मजल्यावरचे दोघे आले, आणि प्रत्येकाने दांडी वेगळ्या दिशेने सुचवली. या गडबडीत सासूबाईंनी कानामागचं श्रवणयंत्र बोटाने दाबलं, मान तिरकी केली आणि शांतपणे म्हणाल्या,

"उंट मेला."

दांडीवरचे सगळे हात थांबले.

"घोडा अडकलाय. राजा कोपऱ्यात बसलाय म्हणे."

"आई," बायको म्हणाली, "कोण म्हणतंय?"

"कोणीतरी माणूस. कानात बोलतोय. घसा खराब आहे त्याचा."

सिस्टरांनी वही काढली. "आजी, असे आवाज कधी येतात?"

"हवेत गेल्यावर."

"आणि जमिनीवर असताना?"

"जमिनीवर ही सगळी बोलतात. दुसऱ्या कोणाला जागाच नसते."

सतराव्या मिनिटाला दांडी माझ्याकडून चुकून बरोबर ढकलली गेली आणि सासूबाई खाली आल्या. सिस्टर वहीत लिहीत होत्या. वह्या उलट्या बाजूने वाचणं हा माझा व्यवसाय आहे. पहिली ओळ होती: ‘यंत्र भरवशाचे नाही.’ दुसरी: ‘रुग्णास आवाज ऐकू येतात.’

"बारा दिवसांनी गुरुवारी दहा वाजता येते," सिस्टर म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. "तोवर हे दोन्ही थांबलं तर ठीक. नाहीतर मला त्या खाटेला होकार कळवावा लागेल. नुसतं यंत्र बिघडलं असतं तर मी थांबले असते. पण आवाज म्हणजे तिथे लक्ष ठेवायला माणसं लागतात."

त्या गेल्यावर सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, मी एकतीस वर्षं लोकांचे आवाज कानात घेऊन बसले. तेव्हा पगार देत होते."

मग मात्र मी पेटलो. नऊ पानांचे तक्ते पाठ केले. खडू आणि टेप घेऊन बगळ्याभोवती गोल आखले. तक्त्यात मोबाइल तीस सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितला होता. मी सुरक्षिततेसाठी तो दाराबाहेर चपलांच्या कपाटात ठेवला. फोन आला की तिथे खाली बसून बोलायचं. एकदा माझे वरिष्ठ जिना चढून आले, तेव्हा मी त्यांच्याशीच फोनवर बोलत होतो आणि माझं डोकं चपलांच्या दुसऱ्या कप्प्यात होतं. इंटरनेटचा डबा न्हाणीघराच्या खिडकीत गेला. मायक्रोवेव्ह वहिनींकडे दत्तक गेला. मिक्सर, इस्त्री, बायकोचं घड्याळ, मेहुण्याने मला भेट दिलेलं रक्तदाबाचं यंत्र, सगळं एकेक करून हद्दपार झालं. फ्रिज मी गॅलरीत ढकलला, आणि वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मावसबहिणीला कळवायला हवं.

घरात विजेवर चालणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या, दिवा आणि बगळा. अकरा वाजता सासूबाईंना उचललं. बगळा थांबला.

"उंटाचं काय?" मी विचारलं.

"उंट गेल्या आठवड्यात मेला. आज प्यादं पुढे सरकलंय."

आता दांडी मला नीट ढकलता येत होती, ही त्या आठवड्याची एकमेव कमाई.

मेहुण्याला फोन केला, चपलांच्या कपाटातून. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "भाऊजी, असल्या तक्रारीसाठी सरकारी कार्यालय असतं. मी आलो असतो, पण रविवारी यायची आता मला सवय राहिली नाही."

त्या कार्यालयाचं नाव ‘लहरी नियंत्रण कार्यालय’. नाव वाचून वाटलं होतं की आपल्या घरातल्या निम्म्या माणसांची सोय इथे होईल, पण ते हवेतल्या लहरींपुरतंच होतं. खिडकीत एकच कारकून होता आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीला एक जाळीदार अँटेना टांगलेली होती, शिकाऱ्याच्या घरात शिंगं असतात तशी.

"त्रास देणारे की त्रास सोसणारे?" त्याने मान वर न करता विचारलं.

"म्हणजे?"

"तुमचं उपकरण. देणारं असेल तर गुलाबी अर्ज. सोसणारं असेल तर पिवळा."

"दोन्ही. ते समोरच्यांची बेल वाजवतं, आणि स्वतः अकराला बंद पडतं."

"दोन्ही असा अर्ज नाही."

"पण खरं तेच आहे."

"खरं असेल. अर्ज नाही."

मी स्वतः वीस वर्षं खिडकीच्या त्या बाजूला बसून लोकांना परत पाठवलं आहे. त्यामुळे त्याच्या उत्तराची घडण ओळखली, मनातल्या मनात दादही दिली, आणि तरीही माझं रक्त उसळलं. पिवळा भरला तर पाहणी नव्वद दिवसांनी. गुलाबी भरला तर लगेच, पण यंत्राला सील.

"एकाच घरातून दोन्ही रंग चालतील?"

"चालतील. वेगवेगळ्या वारी. आणि एक सांगू का, साहेब?" आता त्याने मान वर केली. "तुमच्याच पत्त्यावरून, वरच्या मजल्यावरून, एक पिवळा आधीच आलाय. ‘दिवसातून चार वेळा अज्ञात यंत्राची घरघर.’ सोसणारा त्या इमारतीत नोंदलेला आहे. आता तुम्हाला जागा फक्त गुलाबीत."

"पाहणीला कोण येतं?"

"मीच. माणसं कमी आहेत. देणारा सापडला की नव्वद दिवस थांबत नाहीत, गुरुवारी येणार आहे."

म्हणजे गुरुवारी सिस्टर येणार आजींना न्यायचं ठरवायला, आणि हा येणार बगळ्याला सील ठोकायला. दोघांनाही मी चहा पाजायचा.

घरी येऊन पाहतो तर सासूबाई खिशातली डायरी उघडून बसल्या होत्या. एक्स्चेंजची सवय. हवेत असताना ऐकलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी वेळेसह पेन्सिलीने टिपलं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी विचार केला. वेडाला वेळापत्रक नसतं. हा माणूस रोज अकराला सुरू होतो. मध्ये थांबतो, मग उत्तर दिल्यासारखा बोलतो. म्हणजे लाइनचं एकच टोक ऐकू येतंय, आणि ते जवळचं टोक आहे. आता कालची नोंद ऐका. अकरा वाजून नऊ मिनिटं. ‘अरे, खेळात लक्ष कसं लागणार? खालच्या मजल्यावरचा माणूस आठ दिवस फर्निचर सरकवतोय. बायकोने घराबाहेर काढलेला दिसतो. चपलांच्या कपाटाशी बसून फोनवर रडत असतो.’"

बायको खोलीबाहेर गेली. तिचे खांदे हलत होते.

"मी रडत नव्हतो," मी म्हणालो.

"नोंदीत मत घालायचं नसतं. जसं आलं तसं लिहिलंय," सासूबाई म्हणाल्या. "वर कोण राहतं?"

वर वायरलेसकाका राहतात. खरं नाव नावाच्या पाटीवर आहे, पण गच्चीवर त्यांनी उभारलेल्या खांबामुळे सगळे त्यांना हेच म्हणतात. मी त्यांना एक पायरी सोडून एक अशा वेगाने भेटायला गेलो. त्यांनी आधी भिंतीवरचा चौकटीतला परवाना दाखवला, मग प्रेषणयंत्र दाखवलं, मग बुद्धिबळाचा पट. लांबच्या शहरातल्या एका मित्राशी ते चाळीस वर्षं रोज अकराला हवेवरून खेळतात. पटावर त्यांचा एक उंट कमी होता.

"तुम्ही माझ्या सासूबाईंच्या कानात बोलता," मी म्हणालो.

"मी कोणाच्याही सासूच्या कानात बोलत नाही. माझं सगळं परवान्यात बसतं. उलट तुमच्याच घरातून घरघर येते, माझा मित्र म्हणतो तुझ्याकडे कोणी दळण दळतं का."

"ते यंत्र थांबलं तर त्यांना शुश्रूषागृहात नेतील."

काका थोडे नरमले. पटाकडे बघत म्हणाले, "गुरुवारी सकाळी मी हवेवर येणार नाही. शब्द देतो. पण पिवळा अर्ज मागे घेता येत नाही. मी विचारलं, तर त्यासाठी निळा लागतो."

गुरुवारी दहाला सिस्टर आल्या. सव्वादहाला कारकून आला, हातात जाळीदार अँटेना आणि गळ्यात कानात घालायची दोन बोंडं लटकवून. त्यांच्या मागोमाग मेहुणाही आला, नवा शर्ट घालून, कारण सरकारी वहीत लिहिणारं माणूस घरात असताना मुलगा हजर दिसलेला बरा. त्याने माझ्या हातातून डबा घेतला आणि दारात जाऊन उभा राहिला. "मी चालवतो. आईला माझी सवय आहे."

सासूबाई वर गेल्या. समोरच्या वहिनींनी दार उघडलं, पण आता त्या "कोण आहे?" विचारत नसत, नुसत्या येऊन उभ्या राहत.

कारकून अँटेना समोर धरून खोलीत फिरू लागला. त्याच्या डब्यातून टिकटिक येत होती. बगळ्याच्या मोटरीपाशी ती थोडी वाढली. मी सील बघण्याची मनाची तयारी केली. पण तो तिथे थांबला नाही. टिकटिक जमिनीवरून निघाली, पलंगाच्या कडेने, उंबऱ्याकडे, वाढत वाढत, आणि मेहुण्याच्या पोटापाशी जाऊन तिने किंकाळी फोडली.

"यांच्यात काय आहे?" कारकुनाने विचारलं.

"काही नाही," मेहुणा म्हणाला, आणि त्याच्याबद्दलचं इतकं नेमकं विधान मी तोवर ऐकलं नव्हतं.

सासूबाई वरून बघत होत्या. खोली अशी वरून बघितली की तारा स्पष्ट दिसतात. "थांबा," त्या म्हणाल्या, आणि सगळे थांबले. "ही तार कोणी वाढवली?"

मेहुण्याने डबा पाठीमागे नेला.

"मी विचारतेय."

"मी, आई. मूळची हातभरच होती. अगदी चिकटून उभं राहावं लागायचं. म्हणून काढली आणि..."

"आणि कसली लावलीस?"

"घरात होती ती. जुन्या बेलची. पाच मीटर."

"उघडी?"

"प्लास्टिक आहे की तिला."

सासूबाईंनी डोळे मिटले. "एकतीस वर्षं," त्या हवेतून म्हणाल्या, "मी पोरींना शिकवलं की मोकळी लांब तार दिसली की तिला गावभरच्या गप्पा चिकटतात. आणि माझ्या पोटच्या पोराने मला तिच्याच टोकाला टांगलं."

कारकुनाने मान डोलावली. एवढ्या कमी शब्दांत निदान त्याच्या कार्यालयात कधी झालं नसावं. तो म्हणाला, मूळ तारेवर जाळीचं कवच असतं, ते बाहेरचं आत आणि आतलं बाहेर जाऊ देत नाही. ही तार मोटरीची घरघर वाटत सुटली होती आणि वरचं बोलणं ओढून आजींच्या कानापाशी सोडत होती. त्यातच बगळ्याची अक्कल जात होती.

"ते तार बघतील," सिस्टर म्हणाल्या. "पण आवाजाचं काय? ते वहीत आहे माझ्या."

"सिद्ध करू," कारकून म्हणाला, आणि मला वर पाठवलं.

काका शब्दाचे पक्के होते, त्यामुळे त्यांना बोलायला लावण्यात चार मिनिटं गेली. मित्राला अवेळी हाक मारली, पट समोर घेतला, आणि सगळं कार्यालय खाली ऐकतंय या दडपणाखाली घाईघाईने खेळी बोलले. मी धावत खाली आलो. बगळा अर्ध्यात थांबलेला होता. सासूबाईंनी श्रवणयंत्र दाबलं.

"‘हत्ती शेवटच्या घरात,’" त्या म्हणाल्या. "पुढे खोकला."

कारकुनाने कानातलं एक बोंड काढून सिस्टरांना दिलं. दोघं एकाच तारेला कान लावून उभे राहिले. सिस्टरांच्या चेहऱ्यावर आधी खोकला उमटला, मग काकांचा आवाज: ‘अरे थांब, तो हत्ती परत घेता येईल का?’ आणि त्याच क्षणी सासूबाईंनी वरून तेच वाक्य, तोच केविलवाणा सूर लावून म्हटलं. मग त्यांनी डायरी पुढे केली. सिस्टरांनी बारा दिवसांच्या नोंदी उभ्यानेच वाचल्या, चपलांच्या कपाटाच्या पानावर जरा जास्त वेळ थांबल्या, आणि स्वतःच्या वहीतली दुसरी ओळ खोडून नवी लिहिली. मी उलटी वाचली: ‘रुग्णास शेजारी ऐकू येतात.’

"मूळ तार कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या घरी. ड्रॉवरमध्ये," मेहुणा म्हणाला.

"आत्ता आण," सासूबाई म्हणाल्या. मी दांडी सराईतपणे ढकलली आणि त्यांना खाली घेतलं, कारण हवेत बसून चहा पिणं सिस्टरांच्या नियमात बसत नव्हतं.

चाळीस मिनिटांत तार आली आणि कारकुनाने स्वतः बसवली. बगळा वर गेला, वरच राहिला, सांगितल्यावर खाली आला. वर काका मुद्दाम बोलत होते, पण सासूबाईंच्या कानात शांतता होती. "गेला बिचारा," त्या म्हणाल्या. "हत्ती वाचला की नाही ते कळायला हवं होतं."

आता तार हातभर, म्हणजे डबा धरणाऱ्याने सासूबाईंच्या खांद्याशी उभं राहायचं, त्यांचं सगळं बोलणं ऐकत. सिस्टरांनी विचारलं की सकाळची जबाबदारी कोण घेणार, वहीत नाव लागतं. मी बायकोकडे बघितलं, बायकोने भावाकडे. सासूबाई मात्र कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "त्याला माझी सवय आहे, आत्ताच सांगत होता." सिस्टरांनी मेहुण्याचं नाव लिहिलं, पुढे ‘रोज’ असं लिहिलं आणि खाट रद्द केल्याची खूण केली.

मग बगळ्याने सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी चाकं ढकलली, पॅसेज ओलांडला, न्हाणीघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. बायको पुढे झाली तर आतून आवाज आला, "मी लावलंय. उघडू नका." शस्त्रक्रियेनंतर बावन्न दिवसांत त्यांनी स्वतः बंद केलेलं हे पहिलं दार. बायको तिथेच उभी राहिली आणि तिने पदराने डोळे पुसले. या वेळी खांदे हलले ते हसण्याने नव्हे.

बाहेर कारकून माझ्यापुढे कागद धरून उभा होता. पिवळ्या अर्जाची फाइल बंद करायची तर समोर एक गुलाबी लागतो. सोसणारा आहे म्हणजे देणारा असलाच पाहिजे.

"पण तार त्याने वाढवली," मी म्हणालो.

"पत्ता तुमचा आहे. आणि सही आज झाली नाही तर फाइल उघडी राहते. उघड्या फाइलीत यंत्राला सील लागतं, साहेब, माझा नाइलाज आहे."

मी दाराकडे बघितलं. आत नळ सुरू झाला होता, आणि सासूबाई कोणालाही ऐकू जाऊ नये अशा बेताने काहीतरी गुणगुणत होत्या. मी ‘त्रास देणाऱ्याचे नाव’ या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, तीन प्रतींत, आणि प्रत्येकीखाली सही केली.

त्या बंद दाराचा हिशेब मी नंतर बसून मांडला. काकांचा हत्ती गेला, मित्राने परत दिला नाही. वहिनींची बेल आता फक्त बाहेर कोणी असेल तेव्हाच वाजते, त्यामुळे त्यांना आमच्याकडे यायला रोज नवं कारण शोधावं लागतं. मेहुण्याचे सगळे वार गेले. माझं नाव सरकारदरबारी त्रास देणारा म्हणून कायमचं नोंदलं गेलं, हरकतीची मुदत तीस दिवस होती आणि मी हरकत घेतली नाही. सासूबाईंकडून कोणी काही घेतलं नाही. त्या पंचवीस मिनिटं आत होत्या.